एक जूनचे नऊ हार

ज्योत्स्नाचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. चारला नळाला नुसती हवा यायची आणि सव्वाचारला उठलं तर नळावर नंबर मागं जायचा. मधली दहा मिनिटं तिनं दोन वर्षं तपासून ठरवली होती.

सहा ते दोन ती बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसायची. आलेला माल, गेलेला माल, उरलेला माल. तीनला घरी येऊन जेवायची आणि जुना लॅपटॉप उघडून सातपर्यंत लोकांच्या वेबसाइटी सांभाळायची. आठ आणि चार, बारा तास. बाराव्या तासालाही ती पहिल्या तासासारखंच बघते, असं तिचं नाव होतं. हे नाव फुकट मिळत नाही.

तिचे वडील बाबूलाल त्याच गोदामात एकतीस वर्षं हमाल होते. मूळचे मुडबी गावचे. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं, पण हात तसेच राहिले. कोणतीही वस्तू उचलून ते वजन सांगायचे. कोथिंबिरीची जुडी, शेजारणीचं बाळ, गॅसची टाकी. शेजारच्या किराणा दुकानदारानं एकदा काटा लावून बघितलं आणि मग बाबूलाल आले की तो स्वतःचा काटा पुसून ठेवू लागला.

आणि आई, कोंडाबाई. कोळारच्या आभाळात सकाळपासून हवाई दलाची शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. नवीन माणूस मान वर करून बघतो. जुना माणूस बोलणं तेवढं थांबवतो आणि विमान गेलं की पुढचा शब्द बोलतो. कोंडाबाई मात्र चाळीस वर्षं मान वर करूनच बघत होत्या. भांडी घासताना, पापड वाळत घालताना, भांडताना सुद्धा. मधे बंद पडलेलं बीदर-बंगळूर विमान एप्रिलात पुन्हा सुरू झालं आणि कोंडाबाई जेवणाच्या ताटावर म्हणाल्या, "चाळीस वरसं खालून बघायलेय. एकदा वरून बघते की."

ज्योत्स्ना म्हणाली, हळ्ळीखेडचं काम वर्षाचं झालं तर नेते. गोदामाचा पगार घराला लागायचा. विमान निघालं तर साइटीच्या कमाईतूनच निघणार होतं. एवढं सगळं सविस्तर ती बोलली, पण कोंडाबाईंनी त्यातलं "नेते" एवढंच ऐकलं आणि सकाळपर्यंत सबंध गल्लीला सांगून टाकलं.

आता हळ्ळीखेडचं काम काय, ते सांगायला पाहिजे.

हळ्ळीखेडला शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक कंपनी आहे. चौदाशे सभासद, तेरा संचालक, अध्यक्ष आप्पाराव. कंपनीची वेबसाइट होती. तिच्यावर तुरीचा रोजचा भाव, पावसाची खबर आणि संचालकांचे फोटो. आदल्या वर्षी बियाण्यासाठी माणसं उन्हात रांगेला उभी राहिली आणि रांगेत चपला ठेवून झाडाखाली गेली. मग कोणाच्या चपला कोणी मागं सरकवल्या यावरून जे झालं ते झालं. म्हणून यंदा ठरलं की एक जूनला सकाळी आठ वाजता बियाण्याचे नंबर साइटवरून द्यायचे. घरबसल्या फोनवर नंबर घ्या, आपल्या दिवशी या, पोतं न्या.

फक्त साइट उभी राहायला पाहिजे होती. ती अधूनमधून पडायची. आदल्या वर्षी एक जूनला तर दोन दिवस पडली होती. आप्पारावांनी ज्योत्स्नाला जानेवारीत काम दिलं ते महिन्याच्या बोलीवर, आणि स्पष्ट सांगितलं. एक जूनला साइट टिकली तर वर्षाचा कागद करून देतो. पडली तर काम हैदराबादच्या कंपनीला जाईल. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब सरळ होता.

साइट पडायची म्हणजे पांढरं पान यायचं आणि त्यावर एक ओळ, की काहीतरी गंभीर चूक झाली आहे. आतल्या नोंदीत खरं कारण लिहिलेलं असायचं. मेमरी संपली. मेमरी म्हणजे साइटनं एका वेळी पाठीवर घ्यायचं ओझं. ज्याच्या जागेवर साइट ठेवलेली असते, तो सांगतो की एका खेपेला एवढंच उचलायचं. त्यापेक्षा जास्त झालं की साइट ओझं खाली ठेवत नाही, तिथंच आडवी होते.

तिच्या आधी साइट बघणाऱ्या माणसानं यावर एकच औषध वापरलं होतं. मर्यादा वाढवायची. चौसष्टची एकशे अठ्ठावीस केली, एकशे अठ्ठावीसची दोनशे छप्पन्न. फेब्रुवारीत साइट पडली तेव्हा ज्योत्स्नानंही तेच केलं, दोनशे छप्पन्नची पाचशे बारा. त्या जागेवर याहून जास्त मिळत नव्हतं. आप्पारावांनी फोनवर शाबासकी दिली. तिला ती घेववली नाही. मर्यादा वाढवायला एक ओळ लिहावी लागते, आणि एक ओळ लिहिणं म्हणजे काम नव्हे. मार्चच्या तीन तारखेला साइट पुन्हा पडली आणि एप्रिलच्या बावीसला पुन्हा. म्हणजे शाबासकी परत करायची होती.

तिनं दोनशे पानी वही घेतली. साइट पडली ती तारीख, वेळ, नोंदीतली ओळ. मग साइटला बाहेरून जोडलेली छोटी यंत्रं मोजली. यांना प्लगिन म्हणतात. कोणी फोटो हलवतं, कोणी पावसाचा आकडा आणतं, कोणी नुसतंच बसलेलं असतं. तेवीस निघाली. एकेक बंद करायचं, पान दहा वेळा उघडायचं, दर वेळी ओझं किती पडलं ते लिहायचं, पुन्हा चालू करायचं, पुढचं बंद करायचं. तेवीस दाहे दोनशे तीस. तीन संध्याकाळी गेल्या. मधेच कोणी म्हणालं असतं की अंदाजानं दोन-चार बघ, तर तिनं त्याला दार दाखवलं असतं.

सतरावं यंत्र बंद केलं आणि ओझं धाडकन खाली आलं.

त्याचं नाव होतं हार. आधीच्या माणसानं हौसेनं बसवलेलं. पहिल्या पानावर कोणाचाही फोटो आला की हे यंत्र त्याच्याभोवती झेंडूचा हार घालायचं. दिसायला सुरेख. पण ते हार एकदा घालून गप्प बसत नव्हतं. कोणीही पान उघडलं की पुन्हा मूळ फोटो उचलायचा, उलगडायचा, हार घालायचा, दाखवायचा. दुसरा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून. सत्काराच्या कार्यक्रमात मांडवात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी पाहुणे थांबवून उत्सवमूर्तीला नवा हार घालत बसलं तर जेवणाच्या पंगती कधी बसायच्या, तसं.

तरी एका फोटोला एवढं ओझं का? तिनं फोटोंची पेटी उघडली आणि तिथंच बसून राहिली.

तो फोटो नव्हता, फ्लेक्स होता. हळ्ळीखेडला संचालकाचा वाढदिवस आला की चौकात वीस फूट बाय दहा फुटाचा शुभेच्छा फलक लागायचा. व्यंकटच्या छपाईच्या दुकानात तो छापला जायचा. आणि चौकात लागला म्हणजे साइटवरही लागलाच पाहिजे, म्हणून व्यंकट छपाईची तीच फाईल, वीस फुटांची, जशीच्या तशी साइटवर पाठवून द्यायचा. फोनवर ती हाताच्या तळव्याएवढी दिसायची. साइट मात्र दर खेपेला वीस फूट बाय दहा फूट उलगडून, हार घालून, पुन्हा घडी करत होती. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तीन तारखा, तीन संचालकांचे वाढदिवस. वहीशी जुळल्या.

राहिली ती आदल्या वर्षीची एक जून. तेव्हा आधीच्या माणसानं सांगितलं होतं की गर्दीमुळं पडली. पण जुनी नोंद सकाळी सहा वीसची होती. सहा वीसला तुरीचा भाव बघायला कोण गर्दी करतं? दोन दिवस पडली म्हणजे ओझं एका फलकाचं नव्हतं. कशाचं होतं, ते वहीत नव्हतं.

तिला वही मोठ्यानं वाचायची सवय होती. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "एक जून, सहा वीस."

बाबूलाल भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "एक जून म्हंजे माझा वाढदिवस."

"तुमचा कसला वाढदिवस?" कोंडाबाई चुलीजवळून म्हणाल्या. "थंडीत जन्मलाव तुम्ही. सासूबाई सांगायच्या, शेकोटीजवळ बाळंत झाले म्हणून."

"हेडमास्तरनं लिवलाय. त्याला काय थंडी ठावं? वर्गात सव्वीस पोरं, सगळ्यांचा एक जूनच. वय बसवायला सोपं जातंय म्हणला."

ज्योत्स्नानं वहीतली ओळ पुन्हा बघितली. मग हसायला लागली. हसता हसता वही मांडीवरून पडली, ती उचलायला वाकली आणि तिथंच बसून हसत राहिली. आभाळातून विमान गेलं तरी कोंडाबाईंनी वर बघितलं नाही, म्हणजे प्रसंग किती वेगळा होता ते कळावं.

"कामून हसायलीस ग? बापाचं वय काय हसायची गोष्ट हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिनं आप्पारावांना फोन लावून वाढदिवस कधी ते विचारलं. आप्पाराव खूष झाले. एक जून, म्हणाले. संचालक श्रीपतरावांचा? त्यांचाही. मग तिनं कंपनीच्या रजिस्टरातून तेराच्या तेरा तारखा वाचायला सांगितल्या. आप्पाराव वाचत गेले आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. तेरांपैकी नऊ जणांचा एक जून.

एकाच दिवशी नऊ संचालक हळ्ळीखेडच्या मातीत जन्मले नव्हते. वेगवेगळ्या हेडमास्तरांच्या टाकांतून जन्मले होते. आणि दर एक जूनला सकाळी सहा वाजता व्यंकट नऊ फलक, वीस फूट बाय दहा फूट, ओळीनं साइटवर चढवत होता. नऊ उलगडा, नऊ हार, दर माणसामागं. म्हणजे यंदा नंबर सुरू व्हायच्या बरोबर दोन तास आधी.

गुरुवारी पाळी संपवून ती बसनं हळ्ळीखेडला गेली. आप्पाराव ऑफिसात एकटेच होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की बाकी काय वाटेल ते कर, फलक काढायचा नाही. आदल्या वर्षी फलकावर श्रीपतरावांचं डोकं बाकीच्यांपेक्षा बोटभर खाली आलं होतं. श्रीपतराव चार महिने कंपनीचा चहा प्याले नाहीत. घरून थर्मास आणायचे आणि सभेत सगळ्यांसमोर उघडायचे.

"काढायचा न्हाईच आप्पा," ज्योत्स्ना म्हणाली. "तूर घरी आणताना तुम्ही पोत्यात भरून आणताव का शेत उचलून आणताव?"

"पोत्यात."

"व्यंकट अण्णा शेत पाठवायलेत."

आप्पारावांनी ते मान्य केलं. मग विचारलं, "पण हार राहील ना? हाराबिगर फोटो भुंडा दिसतोय."

हार राहील, ती म्हणाली. पण साइट घालणार नाही. मीच एकदा घालीन, आणि तो फोटोतच राहील.

शनिवारी, एकतीस तारखेला, ती व्यंकटच्या दुकानात गेली. व्यंकटला हे मान्यच नव्हतं. फाईल लहान केली की माणूस लहान होतो, त्याचं म्हणणं. उद्या नऊ जण दुकानावर चालून आले तर तू येणार का मधे? ज्योत्स्नानं त्याच्याच फोनवर दोन फोटो ठेवले, एक वीस फुटांचा, एक तिनं लहान केलेला, आणि कोणता कोणता ते ओळखायला सांगितलं. व्यंकट चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चष्मा लावून चुकला. मग त्याला त्याचं वेडच लागलं. दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला तो फोन दाखवून विचारू लागला. बारशाचा फलक सांगायला आलेला एक जण बारसं विसरून पैज लावून बसला.

नऊ फलक लहान करायला तिला दोन तास चाळीस मिनिटं लागली. बाराशे ठिपक्यांची रुंदी, त्यापेक्षा जास्त नाही. प्रत्येकाला हार घातला. प्रत्येकाचं डोकं पडद्यावर पट्टी लावून मोजलं आणि श्रीपतरावांचं दोनदा मोजलं. मग हारवालं यंत्र बंद केलं. नऊ फलक एकदम चढवून ओझं बघितलं. पाचशे बारापैकी एकसष्ट. पुढं कोणी मोठी फाईल चढवू लागलं तर साइटनं ती घ्यायची नाही, असं कुंपणही घातलं. बाराच्या बारा संचालकांच्या खात्यांना. अध्यक्षांचं खातं तिनं सोडलं, कारण ते अध्यक्ष.

ही तिची चूक. कुंपणाला एकच फट ठेवली तरी जनावर तिथूनच येतं, आणि अध्यक्षांच्या खात्याचा पासवर्ड ऑफिसातल्या कॅलेंडरच्या मागं लिहिलेला होता.

यंदा एक जून रविवारी आला. गोदामाला सुट्टी, तरी ती चार दहालाच उठली. पहिली बस धरून सातला हळ्ळीखेडच्या ऑफिसात पोचली. आत नऊ वाढदिवस एकदम चालले होते. नऊ जणांच्या गळ्यात खरे हार, टेबलावर पेढ्यांचे नऊ डबे, आणि प्रत्येक जण बाकीच्या आठांना पेढा भरवत होता. म्हणजे बहात्तर पेढे, आणि जो तो आधी दुसऱ्यानं खावा म्हणून अडलेला. श्रीपतरावांनी साइटवर आपलं डोकं बघितलं, शेजारच्याचं बघितलं आणि कंपनीचा चहा मागवला. ज्योत्स्नाला तिथंच निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.

सात सेहेचाळीसला पान पांढरं झालं.

ऑफिसात आधी कोणाला कळलं नाही. मग एकेक फोन वाजायला लागले. हळ्ळीखेडात, आजूबाजूच्या खेड्यांत चौदाशे माणसं फोन हातात धरून आठ वाजायची वाट बघत होती. आप्पारावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. ते घड्याळासमोर जाऊन उभे राहिले.

ज्योत्स्नानं नोंद उघडली. शेवटची ओळ हारावर बोट ठेवत होती. यंत्र चालू होतं. काल तिनं बंद केलेलं, आज चालू. आत शिरून बंद करावं तर आतलं पानही पांढरं. मग ती मागच्या दारानं गेली, म्हणजे साइट ज्या जागेवर ठेवली होती तिथल्या फायलींच्या कपाटातून. हार नावाचं फोल्डर शोधलं आणि त्याचं नाव बदललं. साइटला ज्या नावाचं यंत्र माहीत होतं ते आता सापडेना, म्हणून साइटनं नाद सोडला आणि ती उभी राहिली. सात एकावन्न.

पान आलं आणि त्यावर दहावा फलक दिसला. आप्पारावांच्या एकसष्टीचा. चाळीस फूट बाय वीस फूट.

"ह्यो कुणी लावला?" तिनं विचारलं.

नऊ हारवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. मागून चन्नवीर पुढं आला. तो संचालक होता, पण त्याचा वाढदिवस नोव्हेंबरात. ज्या चौघांचा एक जून नव्हता, त्यांचं तोंड त्या दिवशी साइटवर कुठंच दिसणार नव्हतं. त्यांनी गुपचूप वर्गणी काढून दुसऱ्या गावच्या दुकानातून अध्यक्षांचा फलक करून आणला होता, खाली शुभेच्छुक म्हणून चौघांचे फोटो. कॅलेंडरमागचा पासवर्ड वापरून अध्यक्षांच्या खात्यातून चढवला. चढला. पण बाकीच्या नऊ फलकांना हार आणि अध्यक्षांच्या या मोठ्या फलकालाच नाही, हे काही बरं दिसेना. शोधता शोधता त्याला हार नावाचं बटण सापडलं.

"भुंडा दिसायलता, अक्का," चन्नवीर म्हणाला. "म्या निस्तं बटण दाबलं."

त्याच्याशी भांडायला मिनिटं नव्हती. तिनं चाळीस फुटांचा फलक उतरवला, बाराशे ठिपक्यांवर आणला. हार घातला. मागं आप्पाराव घड्याळ वाचत होते, पंचावन्न, छप्पन्न. चौघा शुभेच्छुकांची डोकी तिनं पट्टीनं मोजली. पट्टी काढलेली बघून श्रीपतरावांनी खुर्चीवरून मान डोलावली. सत्तावन्न. फलक चढवला. स्वतःच्या फोनवर बघितला, चन्नवीरच्या फोनवर बघितला, आप्पारावांच्या फोनवर बघितला. अठ्ठावन्न. उरलेल्या दोन मिनिटांत अध्यक्षांच्या खात्याला कुंपण घातलं आणि हारवालं फोल्डर मुळातून काढून टाकलं.

आठ वाजले. पहिला नंबर एका बाईनं घेतला. मग दुसरा, मग एकदम चाळीस, मग मोजायचं कोणी नाव काढलं नाही. ऑफिसात जो जल्लोष झाला तो बैलजोडी शर्यत जिंकल्यावर होतो तसा. चन्नवीरला नऊ जणांनी मिळून पेढे भरवले. तो नको म्हणत होता आणि खात होता. व्यंकट दुकान उघडं टाकून धावत आला आणि येईल त्याला फोन दाखवून सांगू लागला, ओळख बघू, वीस फूट कोणता.

ज्योत्स्ना मात्र संध्याकाळी सहापर्यंत दर दहा मिनिटांनी ओझं बघून वहीत लिहीत होती. दिवसातलं सगळ्यात जास्त ओझं सकाळी सव्वाआठला पडलं, पाचशे बारापैकी एकाहत्तर. संध्याकाळपर्यंत तेराशे बारा नंबर गेले. एकही चप्पल सरकली नाही. आप्पारावांनी तिथंच वर्षाचा कागद केला. तिनं अध्यक्षांचा पासवर्ड बदलून फक्त त्यांनाच सांगितला. त्यांनी तो लगेच कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला. तिनं बघितलं आणि हसली. आता कुंपणाला फट नव्हती.

तिचाही सत्कार झाला, शाल आणि नारळ. फोटो साइटवर जायच्या आधी व्यंकटचा फोन आला, की बाराशे ठिपके केलाय बरं का, काळजी करू नको. घरी जाताना तिनं दोन पेढे कागदात बांधून नेले आणि बाबूलालना म्हणाली, तुमचाही वाढदिवस आहे. बाबूलालनी कागद तळहातावर तोलला, अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणाले आणि दोन्ही खाल्ले.

ऑगस्टात तिकिटं आली. तीन. जाताना विमान, येताना रेल्वे, कारण एवढंच बसत होतं. माणशी पंधरा किलो सामान, असं तिकिटावर लिहिलेलं. कोंडाबाईंनी कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, जवसाची चटणी, करडईचं तेल आणि बंगळूरला थंडी असते म्हणून दोन गोधड्या काढल्या. बाबूलालनी सगळं घरभर पसरलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन तीन पिशव्यांत भरली. एक चटणी या पिशवीतून त्या पिशवीत गेली आणि पुन्हा परत आली. तेलाची बाटली तीनदा फिरली. सव्वा तास लागला. काटा आणू का म्हणून किराणावाला विचारून गेला. बाबूलालनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

विमानतळावरच्या काट्यावर पहिली पिशवी चौदा किलो नऊशे भरली. दुसरी चौदा नऊशे. तिसरी पंधरा, वर एक ग्रॅम नाही. काट्यावरच्या मुलीनं कन्नडमध्ये विचारलं, घरी काटा आहे का? बाबूलालनी दोन्ही हात पुढं केले.

कोंडाबाईंना खिडकी मिळाली होती. विमान पळायला लागलं तेव्हा त्यांनी ज्योत्स्नाचा दंड धरला, आणि सुटलं तेव्हा दंड सोडून काचेला कपाळ लावलं. खाली बीदर तिरकं झालं. पत्र्याच्या छपरांमागून छपरं. त्या पहाटे चार दहाला ज्योत्स्ना उठली तेव्हा आई घरात नव्हती. शिडी लावून पत्र्यावर चढली होती आणि लाल गोधडी पसरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवत होती. काय करायलीस माय, असं विचारलं तर तिनं शेवटचा दगड पुन्हा दाबून बसवला होता.

"ते बघ आपलं घर," कोंडाबाई म्हणाल्या. "गोधडी दिसायलीय. गल्ली सगळी वर बघायलीय बघ."